डब्यात कारखाना

"बाई चढल्या. आता बघा गंमत," कंडक्टर ड्रायव्हरला म्हणाला.

मी दुसऱ्या बाकावर खिडकीशी बसले होते. नोकरीचा पहिलाच आठवडा होता. त्याच कंडक्टरला थोड्या वेळापूर्वी मी हळूच "फाटा" म्हणून तिकीट मागितलं होतं. उचगावच्या पुढं बस कारखान्याच्या अगदी दारात थांबते, पण त्या थांब्याला सगळे नुसतं फाटा म्हणतात. कशाचा फाटा, ते कुणी बोलत नाही.

चढलेल्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात झाकणाला पोचा पडलेला स्टीलचा डबा. दांडीला धरून उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, "बिअर कारखाना."

ड्रायव्हरच्या आरशापासून मागच्या दारापर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं.

"फाटा म्हणा की, बाई," कंडक्टर म्हणाला.

"फाट्यावर काय हाय?"

"कारखाना."

"कसला?"

कंडक्टरनं मान खाली घालून तिकीट काढलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या, डबा मांडीवर घेतला आणि मला विचारलं, "तू कुठं निघालीस?"

"फाटा."

"मोठ्यानं."

मी पुन्हा फाटाच म्हणाले, फक्त जरा मोठ्यानं. कंपनीचं ओळखपत्र मी ओढणीखाली सारून ठेवलं होतं, पण त्याची निळी दोरी मानेपाशी दिसत होती. बाईंनी दोरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. फाट्यावर आम्ही दोघीच उतरलो.

बाईंनी कितीतरी वर्षं त्या कारखान्याची प्रयोगशाळा सांभाळली होती. निवृत्त होऊनही त्या आठवड्यातून एकदा यायच्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. गेटवर वहीत सही न करता त्या सरळ आत जायच्या, प्रयोगशाळेतल्या मुलांना बाजूला सारून शीतकपाट उघडायच्या आणि काचेच्या नळ्या उजेडाकडं धरून बघायच्या. त्या नळ्यांत यीस्ट असायचं. बाई त्याला विरजण म्हणायच्या. जवाच्या गोड पाण्याची बिअर होते ती त्या विरजणामुळं, आणि दह्याच्या विरजणासारखंच ते जुन्यातून नवं असं चालत राहतं. मध्ये एकदा मेलं की त्या चवीची बिअर पुन्हा होत नाही.

"बरं हाय," एवढं म्हणून त्या कपाट लावायच्या, डबा उघडून भाकरी खायच्या आणि दुपारच्या बसनं परत जायच्या.

बाई एमएस्सी झालेल्या. त्यांचे जुने इंग्रजी अहवाल मी वाचले आहेत, एक शब्द इकडचा तिकडं करायला जागा नाही. पण बोलणं पक्कं कोल्हापुरी. "मी आलो, मी बघितलो, मी सांगतो." इकडच्या बायका असंच बोलतात. माझी आजीही बोलायची. आमच्या शाळेत मात्र असं बोललं की वर्ग हसायचा, म्हणून मी लवकरच मराठीत गप्प बसायला शिकले आणि नंतर इंग्रजीतही. बाईंना माझं गप्प बसणं चालायचं. पुटपुटणं चालायचं नाही. मी ओठातल्या ओठात काही म्हणाले की त्या कानामागं हात धरून एकच शब्द टाकायच्या, "मोठ्यानं." मला आधी वाटलं त्यांना कमी ऐकू येतं. तसं नव्हतं. शेजारच्या खोलीतल्या बाटल्यांचा आवाज ऐकून त्या यंत्र कुठं घासतंय ते सांगायच्या.

मला नोकरीवर घेतलं होतं ते इतिहास लिहायला. कारखाना पुण्याच्या एका कंपनीनं विकत घेतला होता आणि त्यांना कारखाना बघायला येणाऱ्या लोकांसाठी एक दालन करायचं होतं. भिंतीवर जुने फोटो, खाली मजकूर, इंग्रजीत आणि मराठीत. माझं इंग्रजी चांगलं होतं. आणि मी फार बोलत नाही हेही मॅनेजरसाहेबांना आवडलं असावं.

घरी मी फूड कंपनी म्हणून सांगितलं होतं. जव हे धान्यच आहे, तेव्हा अगदी खोटं नव्हतं. आई नातेवाइकांना सांगताना त्यात "मोठी" हा शब्द घालायची.

या कारखान्याबद्दल खोटं बोलायची पद्धत जुनीच आहे. तो काढणारा मूळचा गुळाचा व्यापारी. पेढीवर बसून तो लोकांना सोडा वॉटरचा कारखाना काढलाय म्हणून सांगायचा. बाटल्या धुणाऱ्या उचगावच्या बायकाही घरी सोड्याचा कारखानाच सांगायच्या आणि सुटी झाल्यावर हातपाय धुऊन, केसाला तेल लावून मगच बाहेर पडायच्या. बाई त्या बायकांच्या रांगेतून चालत, हाताला बिअरचा वास घेऊन बाहेर पडायच्या आणि तशाच मंडईत भाजी घ्यायला जायच्या.

बाटलीवरच्या लेबलाची गोष्ट त्यांनीच मला सांगितली. पहिल्या लेबलावर मिशीला पीळ देणारा पैलवान होता. लगेच तालमीतली माणसं आली. पैलवान दूध पितो, हे काय लावलंय, म्हणून त्यांनी मालकाला उभं केलं. मालकानं पैलवान काढला आणि म्हैस टाकली. मग दूधवाले आले. मालक घाबरून दाराआड उभा राहिला.

"मी गेलो बाहेर," बाई म्हणाल्या. "म्हटलं, बोला पावणं, काय म्हणणं हाय? तर म्हातारा म्हणतोय, बाई, म्हस आमची हाय आन् शिंगं दुसरीकडची लावलाय. शिंगं नीट करा."

शिंगं नीट झाली. तेव्हापासून कुरुंदवाडपासून गडहिंग्लजपर्यंत लोक दुकानात जाऊन "एक म्हस दे" म्हणतात. मी हा किस्सा भिंतीसाठी लिहून दिला. तो पास झाला.

बाईंचं लग्न झालं नाही. एकदा पाहुणे बघायला आले होते. मुलाच्या मामांनी विचारलं, मुलगी कुठं नोकरी करते. घरच्यांनी ठरवून ठेवलेलं उत्तर होतं बिस्किटाचा कारखाना. बाईंनी खरं सांगितलं आणि वर विचारलं, आणखी काही? मामा म्हणाले, मग चव बघावी लागत असेल. बाई म्हणाल्या, रोज बघतो. गुऱ्हाळावरचा माणूस काकवी चाखतो, त्याला कुणी खादाड म्हणत नाही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, ते उठले. पोहे तसंच व्हते. मी खाल्लो."

हे सांगताना त्या हसल्या नाहीत. त्यात दुःखही दिसलं नाही. नळी उजेडाकडं धरताना असायचा तसा चेहरा होता.

इतिहासाच्या मजकुरात मुख्य गोष्ट होती ती विरजणाची. पुण्याहून तयार कथा आली होती. मूळ मालक तरुणपणी जर्मनीला गेला आणि तिथून थर्मासमधून हे यीस्ट घेऊन आला, पोटच्या पोरासारखं जपत. मी ती वाचून बाईंना सांगितली तेव्हा त्या भाकरी खात होत्या.

"जर्मनी? त्यो निपाणीच्या पुढं गेला नव्हता."

"मग यीस्ट कुठून आलं?"

"बंगळूरच्या एका कारखान्यानं बस पार्सलनं धाडलं. मीच गेलतो स्टँडवर सोडवायला. हमालानं उलटं धरलंतं." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "आन् ते आलं कुठनं ह्याला काय किंमत न्हाय, पोरी. विरजण कुठनंबी मिळतंय. ते राहिलं कसं, ते लिही."

ते कसं राहिलं, ते त्यांनी मला कारखान्यात सांगितलं नाही. मंगळवार पेठेतल्या घरी बोलावलं. तिथं त्यांच्या थोरल्या वहिनी होत्या. बाईंनी सांगायचं आणि वहिनींनी मध्ये मध्ये दुरुस्त करायचं, असं ते चाललं.

मधल्या काळात मालकांच्या घरात भांडण झालं आणि कारखान्याला कुलूप लागलं. प्रयोगशाळेची किल्ली तेवढी बाईंकडं होती. वीज तोडायला माणूस येणार असल्याचं कळलं. वीज गेली की शीतकपाट बंद, आणि कपाट बंद म्हणजे नळ्या गेल्या. बाईंनी मालकांच्या दोन्ही पोरांना फोन केले. एक म्हणाला, वकिलाशी बोला. दुसरा म्हणाला, आतली टाचणीसुद्धा हलवायची नाही, सगळ्यावर वाद चालू आहे. बाईंनी फोन ठेवला, डब्यातली भाकरी कुत्र्याला घातली आणि रिकाम्या डब्यात बर्फ आणि नळ्या भरल्या.

गेटवर वॉचमननं अडवलं. रोज जाणाऱ्या बाईंना त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, "डब्यात काय हाय, बाई?"

"कारखाना."

वॉचमन हसला आणि गेट उघडलं.

"खोटं बोललो असतो तर झडती घेतली असती त्यानं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर कारखाना वहिनींच्या फ्रिजमध्ये राहिला, सगळ्यात वरच्या कप्प्यात, दुधाच्या पातेल्याशेजारी. विरजण नुसतं ठेवून जगत नाही, त्याला ठरावीक काळानं ताजं अन्न द्यावं लागतं. बाई जव भिजवून मोड आणायच्या आणि गच्चीवर वाळवायच्या. गल्लीला वाटायचं सातूचं पीठ करतायत. मग ते उकळून गाळायचं, घट्ट व्हायला वाण्याकडचं चायना ग्रास घालायचं, नळ्यांत भरून कापसाचे बोळे लावायचे आणि प्रेशर कुकरमध्ये निर्जंतुक करायचं. त्या दिवशी घरात आमटी नसायची, कारण कुकर एकच.

"माझ्या फ्रिजमधी ह्यांचं बिऱ्हाड," वहिनी म्हणाल्या. "माझं माहेरचं माणूस आलं तर ठेवायला जागा नव्हती, पण ह्यांच्या नळ्यास्नी वरचा मजला."

"त्याच कुकरात तुझी आमटी बरी व्हायची नंतर," बाई म्हणाल्या.

"व्हय. गोड."

वासामुळं शेवटी कुणीतरी तक्रार केली. हवालदार आला. हा प्रसंग बाईंनी सांगायला सुरुवात केली, पण वहिनींनी तो ओढून घेतला.

"आला की दारात. म्हणतोय, बाई, तक्रार हाय, तुमच्यात दारू करत्यात म्हणं. आता माणूस काय म्हणंल? न्हाय म्हणंल. तर ह्या म्हणतात, दारू मी करत न्हाय, करणारा आत हाय. त्यो म्हणतोय, कुठं? ह्या म्हणतात, फ्रिजमधी. त्यानं आधी काठी नीट धरली. मग मला म्हणतोय, तुम्ही मागं सरा."

बाईंनी हवालदाराला नळ्या दाखवल्या, सगळं समजावून सांगितलं, आणि पंचनामा करायचा तर नळ्या गरम जागी ठेवू नका म्हणून बजावलं. हवालदारानं विचारलं, ह्यातनं दारू व्हायला किती दिवस लागतात? बाई म्हणाल्या, कारखाना लागतो. तो चहा पिऊन गेला.

भांडण मिटलं आणि कारखाना पुन्हा सुरू झाला तेव्हा मालकांच्या पोरांनी बाहेरून नवं यीस्ट आणलं. बाटलीवर म्हैस तीच, पण कुरुंदवाडच्या दुकानदारानं पेट्या परत पाठवल्या. ही म्हस आमची न्हवं, असा निरोप दिला. तेव्हा बाई तोच डबा घेऊन गेटमधून आत गेल्या आणि नळ्या प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडल्या. हे कुठून आलं, असं कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते कुणालाच नको होतं.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे सगळं सरळ लिहून काढलं. शेवटचं वाक्य होतं, "कारखाना बंद असताना बाईंनी हे विरजण चोरून नेलं आणि स्वतःच्या घरी जिवंत ठेवलं."

मॅनेजरसाहेबांनी वाचलं. माणूस वाईट नव्हता. खुर्ची मागं ढकलून म्हणाला, "स्टोरी भारी आहे. पण चोरून? लीगलवाले कधीच पास करणार नाहीत. आपण लिहू, टीमनं जतन केलं."

बाई तिथंच होत्या. "टीम कोण? मी आणि वहिनी?"

"मॅडम, तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय. चोरी म्हटलं की तुमच्यावर येतं."

"माझ्यावरच येऊ दे की. मला टाचणी हलवू नको म्हणून सांगितलंतं, मी कारखाना हलवलो. ती चोरी हाय. चोरलं लिहा, न्हायतर माझं नाव घालू नका."

साहेबांनी दुसरा पर्याय घेतला. जर्मनी आणि थर्मास भिंतीवर गेले.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये बाई नेहमीसारख्या ताठ बसल्या होत्या. पंचगंगेकडून वारा येत होता. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "भिंत नको मला. फोटो तर नकोच. पण उद्या मी न्हाय म्हटल्यावर कुणी म्हणू ने की ते आपोआप जगलं." डब्याच्या झाकणावरचा पोचा त्या अंगठ्यानं दाबत होत्या. "आपोआप जगलं न्हाय ते."

मी काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते मलाच नीट ऐकू आलं नाही. त्यांनी "मोठ्यानं" म्हणण्याची मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या नाहीत.

दालन उघडायच्या महिनाभर आधी पुण्याहून निरोप आला की नुसता मजकूर सपाट वाटतो, काचेच्या पेटीत वस्तू हवी. साहेबांनी मला थर्मास आणायला पाठवलं. लक्ष्मीपुरीच्या जुन्या बाजारात मला हवा तसा मिळाला, हिरव्या पत्र्याचा, एका बाजूला गंजलेला. विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं, जर्मन आहे का. तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तिथला हाय.

बसमध्ये तो वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेतला होता आणि नेमक्या बाई चढल्या. "बिअर कारखाना," तिकीट, आणि माझ्या शेजारी. त्यांच्या मांडीवर डबा, माझ्या मांडीवर थर्मास.

"काय हाय?"

मी कागद बाजूला केला. बाईंनी थर्मास घेतला, झाकण फिरवलं, आत वास घेतला.

"चहाचा वास मारतोय," त्या म्हणाल्या. "निदान घासून ठेव. चहात विरजण आणलं म्हणतील."

परत देताना त्यांनी कागद नीट गुंडाळून दिला. त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता मी त्या बसनं जात नाही. पण दालन उघडलं तो दिवस मला बारकाव्यांसह आठवतो. पुण्याचे मोठे साहेब आले होते. बाटल्या धुणाऱ्या जुन्या बायकांना फोटोपुरतं बोलावलं होतं आणि सगळ्यांना एकसारख्या साड्या दिल्या होत्या. त्या भिंतीवर स्वतःला शोधत होत्या. एका फोटोत त्यांचे हात होते, चेहरे नव्हते. त्या हातांवरून एकमेकींना ओळखत होत्या. "ह्यो तुझा गं, बांगडी बघ." बाई सगळ्यांत मागं, नेहमीच्या साडीत, डबा घेऊन उभ्या होत्या. त्यांना बोलावलं होतं की त्यांचा यायचा दिवसच होता, मला माहीत नाही.

पाहुण्यांना पहिल्यांदा दालनातून मी फिरवायचं होतं. वाक्यं माझीच, पाठ होती. गुळाचा व्यापारी सांगून झाला. पैलवान आणि म्हशीची शिंगं झाली, लोक हसले. दूधवाल्यांच्या गोष्टीला मोठे साहेबही हसले. मग आम्ही काचेच्या पेटीपाशी आलो. आत पिवळ्या उजेडात हिरवा थर्मास. घासल्यामुळं त्याचा गंज थोडा गेला होता, तो साहेबांनी पुन्हा रंगवून घेतला होता.

एका स्थानिक चॅनेलची मुलगी, माझ्याच वयाची, मोबाईल उंच धरून शूटिंग करत होती. ते संध्याकाळी गावभर फिरणार होतं. आमच्या घरातही दिसणार होतं आणि आईच्या मोठ्या फूड कंपनीचं बिंग फुटणार होतं. तिनं मोबाईल आधी पेटीकडं, मग माझ्याकडं वळवला.

"मॅडम, ओरिजिनल थर्मास हाच का?"

मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडं बघून हसून मान हलवली. हो म्हणायचं होतं, बस्स. किंवा तेही नको, नुसतं हसून पुढच्या फोटोकडं हात केला असता तरी चाललं असतं.

"नाही," मी म्हणाले.

कुणालाच ऐकू गेलं नाही. त्या मुलीनं मोबाईल जवळ आणला.

"मोठ्यानं," मागून आवाज आला.

मी ओढणीखालचं ओळखपत्र बाहेर काढलं. ते का काढलं कोण जाणे, हाताला काहीतरी धरायला हवं होतं.

"नाही. मी ह्या बिअर कारखान्यात काम करते आणि हा थर्मास मी गेल्या महिन्यात लक्ष्मीपुरीच्या बाजारातनं आणलाय. विरजण थर्मासमधून आलं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा ते त्या मागं उभ्या आहेत ना, त्या बाईंनी चोरलं, आणि घरी जगवलं. त्यांच्या हातात डबा आहे, त्यातनं नेलं. फोटो त्याचा काढा."